वस्तीतल्या ज्येष्ठांसाठी काम सुरू करताना

ज्येष्ठांसाठी काहीतरी करू या असं ठरलं की पहिल्याच आठवड्यात बहुतेक जण हॉल शोधायला लागतात. मग खुर्च्या, माईक, वक्ते. पहिल्या दिवशी चाळीस माणसं येतात, फोटो छान निघतात. तीन महिन्यांनी बारा-चौदा जण उरतात, आणि नीट पाहिलं तर ही मंडळी एरवीही घराबाहेर पडणारीच असतात. मी स्वतः हे केलंय. माझ्या पहिल्या गटाची हजेरीची वही अगदी चोख होती. त्याच गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक आजी आठ महिने जिना उतरल्या नव्हत्या, हे मला तो गट बंद पडताना कळलं.

तेव्हापासून मी उलट बाजूनं सुरुवात करतो. कोण आलं ते नंतर पाहायचं, आधी कोण दिसत नाही ते शोधायचं. पुढचा सगळा क्रम त्या हिशेबानं लावलाय.

हे एवढं महत्त्वाचं का, याचा एक दाखला देतो. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. त्यात एकटे राहणारे वृद्ध फार होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी नंतर शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. गरिबी दोन्हीकडे, एकटे राहणारे म्हातारेही साधारण सारखेच. तरी नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर जवळपास दहापट निघाला. साउथमध्ये रस्त्यांवर वर्दळ होती, दुकानं उघडी होती, उकाड्यानं जीव घाबरला तर बाहेर येऊन कुठेतरी टेकता येत होतं. नॉर्थमध्ये ओसाड जागा, बंद दुकानं आणि दाराबाहेर पडायची भीती. आपण जे काम करायला निघालोय त्याचा गाभा मला या दोन वस्त्यांच्या फरकात दिसतो.

पायरी १: वस्ती छोटी धरा

अख्ख्या शहराचं नाव घेऊन सुरुवात केली की काम कागदावरच राहतं. पंच्याहत्तरीतलं माणूस काठी घेऊन, मध्ये एकदा थांबून, पंधरा मिनिटांत जिथवर पोचेल तेवढाच भाग घ्या. दोनशे घरं पुरे. शंभरही चालतील. एका कागदावर हातानं नकाशा काढा, प्रत्येक दाराला एक चौकोन. हा कागद पुढे वर्षभर लागणार आहे, तेव्हा जरा मोठा घ्या.

पायरी २: आधीपासून काय चाललंय ते बघा

अमेरिकेत जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी १९९३ मध्ये वस्तीविकासाची एक पद्धत मांडली. वस्तीत काय नाही याची यादी करत बसण्यापेक्षा कोणाकडे काय आहे याची यादी आधी करा, असं त्यांचं म्हणणं. ज्येष्ठांच्या कामात हे तंतोतंत लागू पडतं, कारण बरीचशी मदत आधीपासूनच चालू असते. तिला कोणी नाव दिलेलं नसतं, इतकंच.

पेपर टाकणाऱ्याला कालचा पेपर दाराशीच पडलेला दिसतो. औषधांच्या दुकानातल्या मुलाला कळतं की अमुक काकांनी या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या नेल्याच नाहीत. पार्सल आणणारा, इमारतीचा वॉचमन, निवृत्त नर्स, खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी जी समोरच्या आजींना मोबाईल लावून देते. या माणसांना भेटा. त्यांना नवं काम सांगू नका. "तुम्हाला काही वेगळं जाणवलं तर कोणाला सांगाल?" एवढंच विचारा. बहुतेकांचं उत्तर "कोणालाच नाही" असं येतं. तिथे आपला फोन नंबर द्यायचा.

आणि यादीत ज्येष्ठांना स्वतःलाही धरा. ऐंशी वर्षांच्या माणसाला हिशेब येतो, शिवण येतं, तीन भाषा येतात, फोनवर तासभर बोलायला वेळ असतो. "मदत घेणारे" आणि "मदत देणारे" अशा दोन वह्या केल्यात की काम तिथेच अर्धं बिघडलं असं समजा.

पायरी ३: घरी जाऊन ऐका

हे सगळ्यांत कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. दोघांनी मिळून जा, ओळखीच्या शेजाऱ्याला बरोबर घ्या, आणि पहिल्या भेटीत कुठलाही फॉर्म काढू नका.

"तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं असतं: "काही नको, सगळं छान चाललंय." ओझं व्हायची धास्ती इतकी खोल असते की तिच्यापुढे गुडघेदुखीसुद्धा गप्प बसते. मी तीन प्रश्न विचारतो. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत? पूर्वी करत होतात आणि आता सोडून दिलंय, असं काय आहे? आणि मध्यरात्री पडलात तर पहिला फोन कोणाला?

तिसऱ्या प्रश्नानंतर पुष्कळदा शांतता पसरते. ती मोडायची घाई करू नका. एकदा एका काकांनी उत्तराऐवजी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून दाखवली. मागे पेन्सिलीनं पाच नंबर लिहिलेले होते, त्यातले तीन खोडलेले. "हे दोघे गेले. आणि हा आता मुलाकडे राहायला गेला," ते म्हणाले. त्या पानानं मला जे सांगितलं ते सर्वेक्षणाच्या कुठल्याच रकान्यात मावलं नसतं.

अडचण एकच येते. घरात मुलगा किंवा सून असेल तर उत्तरं तेच देतात. "आईला आता जिना झेपत नाही." हो म्हणायचं, आणि मान वळवून आजींनाच पुन्हा विचारायचं. आई काय म्हणते ते बऱ्याचदा वेगळं निघतं: झेपतो, पण कठडा एकाच बाजूला आहे आणि उतरताना माझा दुखरा हात त्या बाजूला येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये निरोगी वार्धक्याची जी व्याख्या केली, तिचा भर आजार नसण्यावर नाही. माणसाला स्वतःला मोलाचं वाटतं ते करता येणं, यावर आहे. म्हणून दुसरा प्रश्न, सोडून दिलेल्या गोष्टीचा, मी कधीच गाळत नाही. पुढचं काम त्यातूनच निघतं.

पायरी ४: त्यांच्या वेगानं एकदा चाला

काठीवाल्या, वॉकरवाल्या आणि कमी दिसणाऱ्या अशा तिघा-चौघांबरोबर वस्तीतून फेरी मारा. पुढे चालू नका, मागे राहा. ते कुठे थांबतात, कुठे भिंतीला हात लावतात, कुठला कोपरा टाळून लांबून जातात, त्याची नोंद नकाशावर.

सिग्नलपाशी घड्याळ लावा. पादचाऱ्यांचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून कित्येक ठिकाणी सिग्नलची वेळ ठरवलेली असते. पुष्कळ ज्येष्ठ ०.८ ते ०.९ मीटरनं चालतात. बारा मीटरचा रस्ता असेल तर सिग्नल त्यांना दहा सेकंद देतो आणि त्यांना लागतात तेरा ते पंधरा. उरलेले सेकंद ते वाहनांसमोर असतात. असा आकडा घेऊन पालिकेकडे गेलात तर बोलणं वेगळं होतं. "वृद्धांना त्रास होतो" या वाक्याला कोणी विरोध करत नाही आणि कोणी हलतही नाही.

बाकंही नीट पाहा. पाठ आणि हात नसलेलं बुटकं बाक म्हाताऱ्या माणसाच्या कामाचं नसतं. बसता येतं, उठता येत नाही, म्हणून बसतच नाहीत. जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटर उंची आणि दोन्ही बाजूंना धरायला हात हवेत. उताराचा मार्ग असेल तर १२ फुटांना १ फूट चढ, त्याहून उभा नको. स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते उघडं असतं का, हेही लिहा. लघवीच्या भीतीनं घरी बसणारे किती असतात ते कोणी बोलून दाखवत नाही, पण या फेरीत चालता चालता सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून वयस्नेही शहरांसाठी आठ विषय काढले: मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घर, सामाजिक सहभाग, आदर, नागरी सहभाग व रोजगार, माहिती, आणि आरोग्यसेवांसह स्थानिक आधार. यादी चांगली आहे. नवख्यांनी मात्र आठही विषय एकदम उचलू नयेत. काही सुटलं का हे तपासायला ती भिंतीवर लावून ठेवावी.

पायरी ५: गट बांधा, पण कोणाचा?

सहा ते आठ जण. निम्म्याहून अधिक स्वतः ज्येष्ठ, आणि त्यात किमान एक जण असा की ज्याला घराबाहेर पडणं अवघड जातं. बैठक त्याच्याच घरी घ्या. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, मधल्या पायऱ्यांवर मत विचारून पुढे आपलंच करणं, आणि वर निर्णय लोकांच्या हाती असणं. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पैसे कशावर खर्चायचे यात आजी-आजोबांचं "नको" चालतं का. आमच्याकडे एकदा सगळ्यांना तपासणी शिबिर हवं होतं आणि दोन आजी म्हणाल्या, "तपासण्या झाल्यात, रिपोर्ट समजावून सांगणारा माणूस आणा." मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. बरोबर त्याच होत्या.

बैठकीत एका वेळी एकानंच बोलायचं, तोंड दिसेल असं बसायचं, पंख्याच्या आवाजापासून दूर. ऐकू कमी येणारं माणूस "काय म्हणालात?" तीनदा विचारतं, चौथ्यांदा नुसतं हसतं आणि पुढच्या वेळी येत नाही. सूचनांचे कागद मोठ्या, ठळक अक्षरात, पांढऱ्यावर काळे.

पायरी ६: पहिलं काम फोनसाखळी

पहिलं काम लहान, स्वस्त आणि रोजचं असावं. माझी निवड दरवेळी हीच असते. एकटे राहणारे किंवा दिवसभर एकटे असणारे दहा-बारा जण घ्या. रोज सकाळी ठरल्या वेळी, समजा नऊला, पहिला दुसऱ्याला फोन करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा परत पहिल्याला. तो शेवटचा फोन आला म्हणजे साखळी पूर्ण. दोन मिनिटांचं बोलणं पुरतं. वाढलं तर वाढू द्या.

खरी कसोटी फोन न उचलल्यावर लागते. ते आधीच लिहून ठेवा:

- पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीनदा फोन. दरम्यान साखळीतल्या पुढच्या माणसाला फोन करायचा, म्हणजे बाकीचे अडकत नाहीत.
- तरी उत्तर नाही, तर नेमलेल्या शेजाऱ्यानं जाऊन दार वाजवायचं.
- आतून आवाज नाही, तर किल्ली असलेल्या माणसाला बोलावायचं. दोघांनी मिळून आत जायचं, एकट्यानं नाही.
- किल्ली मिळत नसेल किंवा आत कोणी पडलेलं दिसलं, तर लगेच आपत्कालीन सेवेला फोन, मग नातेवाइकांना.

किल्ली दोन घरी ठेवा. आम्ही एकाच घरी ठेवली होती आणि नेमके ते कुटुंब गावाला गेलेलं. आत काका बाथरूमजवळ पडले होते, शुद्धीवर होते, बाहेरचं सगळं ऐकत होते. दार उघडायला पाऊण तास गेला. हाड मोडलं नव्हतं, पण त्या पाऊण तासाबद्दल ते अजूनही मला टोमणा मारतात आणि मी तो ऐकून घेतो.

प्रत्येकाच्या घरी आतल्या बाजूला, दाराजवळ, एक कागद असावा: नाव, रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, डॉक्टर आणि दोन जवळच्या माणसांचे नंबर. दर सहा महिन्यांनी तारीख घालून नवा लिहायचा.

साखळीचा फायदा असा की तिच्यात प्रत्येक जण फोन घेतोही आणि करतोही. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही रोज सकाळी कोणाची तरी चौकशी करायची जबाबदारी असते. हे त्यांना किती हवं असतं, ते तुम्हाला महिनाभरात दिसेल.

पायरी ७: पाय आणि तोल

जगभरात दरवर्षी पडण्यामुळे अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. पडण्याइतकीच घातक असते पडायची भीती. भीतीनं चालणं कमी होतं, पाय आणखी कमजोर होतात, आणि पुढचं पडणं जवळ येतं.

इथे पुराव्याची बाजू भक्कम आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला व्यायाम घरच्या घरी करता येतो. पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, शिवाय चालणं. चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून सुरुवातीला नीट शिकून घ्या, मग गटानं करा.

कोणाला जास्त धोका आहे याचा अंदाज घ्यायला एक साधी चाचणी आहे. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीनं जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांकडे पाठवायचं. चाचणी घेताना शेजारी माणूस उभा हवाच. आणि वेळ मोठ्यानं जाहीर करू नका, लगेच शर्यत लागते.

घरातली दुरुस्ती स्वस्तात होते: सुटी पायपुसणी उचला, बाथरूममध्ये भिंतीला पक्का दांडा बसवा, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री उजेड ठेवा. टॉवेलच्या दांड्याला धरून उठणारे खूप आहेत. तो दांडा टॉवेलचंच वजन पेलायला बसवलेला असतो.

न येणाऱ्यांपैकी दोन प्रकार

पुरुष. भजन, गप्पा, खेळ अशा कशालाही बोलवा, बायका येतात आणि काका लोक दारातून वळतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात यावर "मेन्स शेड" निघाली: हत्यारं, लाकूड, दुरुस्तीची कामं आणि एक छप्पर. समोरासमोर बसून मन मोकळं करणं ज्यांना जमत नाही, ते शेजारी उभं राहून रंधा मारता मारता बायको गेल्याचं सांगतात. हत्यारं नसतील तर तुटकी खुर्ची, बिघडलेला रेडिओ, एक टेबल एवढ्यावर चालू करा. निमंत्रण "या ना कधीतरी" असं नको. "हा पाय बसवायला तुमची मदत लागेल" असं हवं.

दुसरे म्हणजे विस्मरण होणारे आणि त्यांना सांभाळणारे. दोघंही हळूहळू दिसेनासे होतात, पहिला विसरल्यामुळे आणि दुसरा दमल्यामुळे. जपाननं २००५ पासून डिमेंशियाविषयी सामान्य लोकांना छोटं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळकरी मुलं असे लाखो लोक त्यातून गेले. आपल्या दोनशे घरांत वीस माणसं तयार झाली तरी फरक पडतो. शिकवायचं थोडंच असतं: समोरून जा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, "अहो, आत्ताच सांगितलं ना" असं म्हणू नका. सांभाळणाऱ्यासाठी आठवड्यातून तीन तास कोणीतरी घरी बसणं, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठं. त्या तीन तासांत तिनं काय करावं हे मात्र सुचवू नका. झोपली तर झोपू दे.

नियम पहिल्याच दिवशी

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहा जणांत एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारची छळवणूक सोसावी लागते, आणि ती बहुतेकदा ओळखीच्यांकडून. आपण चांगली माणसं आहोत एवढ्यावर भागत नाही. स्वयंसेवकानं एटीएमचा पिन, चेकबुक, मृत्युपत्र यांना हात लावायचा नाही. कोणाचे पैसे भरले तर त्याच दिवशी पावती. औषधं आणून द्यायची, डोस बदलायचा सल्ला द्यायचा नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, पण अंगावर वळ दिसले, खाणं तोडलेलं दिसलं किंवा कागदांवर सह्या घेतल्याचं कळलं, तर गटप्रमुखाला सांगायचंच, आणि पुढे कुठे कळवायचं ते आधीच शोधून ठेवायचं.

पैसे

पहिल्या वर्षी फार लागत नाहीत, म्हणून देणगीच्या मागे धावू नका. देणगीदाराला कार्यक्रम हवे असतात आणि आपण परत हॉलपाशी येतो. पुढे पगारी माणूस लागला तर बॉस्टनच्या बीकन हिलचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथल्या रहिवाशांनी स्वतःच संस्था काढली, २००२ मध्ये ती सुरू झाली. सभासद वार्षिक वर्गणी भरतात, कमी उत्पन्नवाल्यांना सवलत असते, आणि एका फोनवर गाडी, दुरुस्ती, सोबत यांची सोय होते. पुढे अमेरिकेत याच धर्तीवर दोनशेहून अधिक गट उभे राहिले. वर्गणी भरणारा माणूस तक्रार करतो, आणि फुकट घेणारा गप्प बसतो. मला तक्रार करणारे हवेत.

मोजायचं काय

हजेरी लिहा, पण दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर तो हातानं काढलेला नकाशा. महिन्यातून एकदा गटानं तो समोर घ्यायचा आणि गेल्या महिन्याभरात ज्यांच्याशी कोणाचंही बोलणं झालं नाही अशा चौकोनांवर पेन्सिलीनं फुली मारायची. फुली असलेल्या दारी त्या आठवड्यात कोणीतरी जायचं, तेही रिकाम्या हातानं. काही दारं तीन-चार फेऱ्यांनी उघडतात. काही माणसांना खरोखरच एकटं राहायचं असतं, तसं त्यांनी तोंडानं सांगितलं तर फुली खोडून तिथे "सहा महिन्यांनी" असं लिहायचं.

त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना आम्ही कधीच बैठकीला आणू शकलो नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसवला तेव्हा त्या खाली उतरल्या, फाटकापर्यंत गेल्या, पाच मिनिटं रस्ता बघत उभ्या राहिल्या आणि परत वर गेल्या. दुसऱ्या दिवशी नऊच्या साखळीत आपलं नाव कुठे आहे, हे त्यांनी स्वतः फोन करून विचारलं.